अनंत भुवडने मोकळा सोडलेला ठोका

महादेव गोताडचा फोन आला तेव्हा मी गच्चीत कपडे वाळत घालत होतो. नंबर अनोळखी, म्हणून दोनदा घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला. “नेनेसाहेब ना? मी महादेव. खोबरच्या कॅम्पातला.” वीस वर्षं होत आली असतील, पण आवाज ओळखीचा निघाला. त्याने माझी, हिची चौकशी केली, मग म्हणाला, “साहेब, अंता गेला. परवा सकाळी. कलमांना पानी घालून आला, पडवीत बसला, आनि बसला तो उठलाच नाय.” मी ‘अरेरे’ असं काहीतरी म्हणालो. त्यावर महादेव म्हणाला, “तुमाला कळवायचं त्यानंच सांगून ठेवलं होतं. बोलला, माझं काय बरंवाईट झालं तर नेनेसाहेबांना फोन कर. त्यांना वाईट वाटंल.”

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. माणूस गेल्यावर वाईट वाटतं ते मला कळतं, माझं वय सत्त्याहत्तर आहे आणि अशा फोनांची सवय झाली आहे. पण महादेवचं ते शेवटचं वाक्य ऐकल्यावर मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, लाज होती. अनंताला ठाऊक होतं की मला वाईट वाटेल. कशाचं, तेही ठाऊक होतं. आणि तरी त्याने ते महादेवलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

वाचकांना अनंत भुवड हे नाव माहीत असण्याचं कारण नाही. त्यांच्या घरातल्या तरुण मुलांना मात्र पुण्याची एक गायिका माहीत असेल. गायिका तरी कसं म्हणावं, ती गाते त्याहून जास्त बोलते. मागे नुसता ढोल आणि जाड तारांचा खर्ज वाजत असतो आणि ही त्यावर मराठीत बोलते, चिडवते, मध्येच शिंकते, कप्पी करकरल्यासारखा आवाज काढते, विनोद व्हायच्या आधीच त्याला हसून घेते. तिच्यामागून तसं करणारी आणखी पाच-सहा मुलं आली आहेत असं ऐकतो. हे कुठून शिकलीस असं कुणी विचारलं की ती सांगते, लहानपणी सौदीत एका कामगाराला ऐकलं होतं, त्याचं नाव माहीत नाही. त्या कामगाराचं नाव अनंत धोंडू भुवड. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीचा. तिच्या ओळखीत हे नाव सांगू शकेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे मी. तिने मला विचारलंही होतं. मी सांगितलं नाही. का नाही, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं. मी सौदीत अल-खोबरला एका बांधकाम कंपनीत नियोजनाचं काम पाहत होतो. आम्ही दोघं आणि मुलगा कॉर्निशपासून, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यापासून, दहा मिनिटांवर एका फ्लॅटमध्ये राहायचो. कामगारांचा कॅम्प दम्मामकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, वाळूत. अनंताला मी पाहिलं नंतर, ऐकलं आधी. तो क्रेनचा रिगर. म्हणजे क्रेनला ओझं बांधायचं आणि वर बसलेल्या चालकाला ते कुठे, किती, कसं न्यायचं ते खालून सांगायचं. वर घ्यायचं तर ‘हबेस’, खाली सोडायचं तर ‘आरिया’. हे जुने खलाशांचे शब्द, आपली कोकणी माणसं गोदीतून आखातात घेऊन गेली. बाकीचे रिगर हे शब्द ओरडायचे. अनंत ते वाजवायचा. माझ्या केबिनमधल्या वॉकीटॉकीवर एका सकाळी ऐकू आलं... “आरिया, आरिया, आरि-आरि-आरिया, आस्ते लालखान, पोटुशी बाय हाय ती, आस्ते... हॉ!” आणि वरून पेशावरच्या लालखानचं खो खो हसणं. सेफ्टी ऑफिसरने त्याबद्दल अनंताला लेखी समज दिली. समज देताना तोही हसत होता असं म्हणतात.

क्रेन पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर डेस्मंड नावाचा एक उंच, काळा, अतिशय शांत माणूस होता. वाढलेला इंग्लंडात, आईबाप जमैकाचे. त्याच्या पिकअपमध्ये एक कॅसेट सतत चालू असे. तिच्यावर नाव नव्हतं, पिवळ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे होते, बस. दुपारच्या सुट्टीत अनंत त्या पिकअपच्या सावलीत बसायचा. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, आणि तिथलं इंग्रजी असं की मलाही कळत नव्हतं. पण त्या कॅसेटवरचा माणूस काय करतो आहे ते अनंताला पहिल्या दिवशी कळलं. तो माणूस गात नव्हता. तोंडात गरम बटाटा असल्यासारखा बोलायचा, मग एकदम लहान पोरासारखा किंचाळायचा, जीभ टाळूला लावून टरटर फिरवायचा. ठोका पडून गेला तरी हा गप्पच, बस चुकली की काय असं वाटेपर्यंत गप्प, आणि मग धावत येऊन पायरीवर उडी घ्यावी तसा ओळीत घुसायचा. डेस्मंडने मला एकदा समजावून सांगितलं ते असं. त्यांच्याकडे रेकॉर्डच्या एका बाजूला गाणं असतं आणि दुसऱ्या बाजूला तेच गाणं, पण गाणाऱ्याचा आवाज काढून टाकलेला. नुसता ढोल आणि खर्ज. मग गल्लीतल्या नाचाच्या ठिकाणी एक माणूस माइक घेऊन त्या मोकळ्या जागेत बोलतो. समोरच्यांची नावं घेतो, टिंगल करतो, सरकारला टोमणे मारतो, मध्येच बेडूक होतो. त्याला ते डीजे म्हणतात. रेकॉर्ड लावणारा वेगळा, हा बोलणारा.

मी हे अनंताला मराठीत सांगितलं. तो ऐकत होता, मग म्हणाला, “म्हंजे झीलकरीच की साहेब. फक्त शाहिराला घरी पाठवलाय.”

हे वाक्य मी नंतर अनेकांना ऐकवलं, माझं म्हणून नव्हे, पण कुणाचं तेही न सांगता. अनंत गावच्या जाखडीत झीलकरी होता. मध्ये शाहीर आणि ढोलकी, भोवती एका पायात चाळ बांधून नाचणारे, आणि शाहिराची ओळ उचलून लांबवणारे झीलकरी. वीस वर्षं त्याने दुसऱ्याच्या ओळी लांबवल्या. शाहीर व्हायला घराणं लागतं, गुरू लागतो, पोथ्या लागतात. त्याच्याकडे आवाज होता आणि खट्याळपणा होता. त्या पिवळ्या पट्टीच्या कॅसेटने त्याला सांगितलं की तेवढं पुरतं.

मी शुक्रवारी सकाळी कॅम्पवर जाऊ लागलो. आमच्यासारख्या फ्लॅटमधल्या लोकांनी तिकडे जायची पद्धत नव्हती, पण मी जायचो, आणि मला स्वतःचं त्याबद्दल कौतुकही होतं. डेस्मंडने त्याला नुसत्या ढोल-खर्जाची एक कॅसेट भरून दिली होती. अनंत पलंगाच्या कडेला बसून उजव्या पायात चाळ बांधायचा आणि त्यावर सुरू व्हायचा. महादेव ताटलीवर साथ धरायचा. मेसमधल्या मल्याळी आचाऱ्यावर, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, फोटोत चोरासारख्या दिसणाऱ्या स्वतःवर, ‘यल्ला यल्ला’ करत स्वतः जागचा न हलणाऱ्या फोरमनवर. तिकडच्या गाड्यांना एक घंटी असायची, एकशेवीसच्या वर गेलं की टिंग टिंग वाजत राहणारी. अनंत ती घंटी तोंडाने वाजवायचा. कुणी थापा मारू लागला की हा हळूच “टिंग टिंग, टिंग टिंग” करायचा आणि सगळा कॅम्प हसून लोळायचा. कॅसेटवरच्या त्या माणसाची नक्कल त्याने कधीच केली नाही. खोड उचलली, बाकी सगळं आपलं घातलं.

आता कारखानीसांबद्दल. खोबर-दम्मामच्या मराठी कुटुंबांचं आमचं एक मंडळ होतं, कागदावर नसलेलं. कुणाच्या तरी कंपाउंडमधला हॉल मिळवायचा, परवानगी नसायची म्हणून दारं-खिडक्या लावून कार्यक्रम करायचा, प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. तीन वर्षं मी त्याचा सचिव. मग कारखानीस रियाधहून खोबरला राहायला आले. तिथल्या ओलाया भागातल्या एका बँकेत फार वर जाऊन बसलेला माणूस, देखणा, बोलायला गोड. दोन महिन्यांत त्यांना अध्यक्ष करण्यात आलं. पहिल्याच सभेत त्यांनी नव्या कुटुंबांना माझी ओळख करून दिली, “हे आमचे नेने. खुर्च्यांची सगळी व्यवस्था यांच्याकडे असते.” लोक हसले, मीही हसलो. माणसं अशा गोष्टी विसरतात म्हणे. मी विसरलो नाही.

पण हेच कारखानीस एकदा माझ्याजवळ मोकळे झाले होते. कफील, म्हणजे तिकडचा कायदेशीर जामीनदार, बदलण्याच्या कागदांसाठी मी त्यांना दम्मामच्या कचेरीत घेऊन गेलो होतो. परतताना गाडीत समोर बघत ते म्हणाले, “लोकांना मी सांगतो की समुद्राच्या हवेसाठी इकडे आलो. तसं नाहीये, नेने. एक दिवस सकाळी माझं कार्ड दाराला लागलंच नाही. वॉचमन म्हणाला, साहेब थांबा, विचारतो. वीस मिनिटं उभा होतो मी तिथे काचेबाहेर... माझ्या मुलीला यातलं काही माहीत नाही. तुम्हाला म्हणून सांगतो.” मी म्हणालो, “माझ्याकडेच राहील.” आणि तीन महिने ते माझ्याकडे राहिलं.

वार्षिक संमेलनात लोककला म्हणून कॅम्पमधल्या लोकांना बोलवावं ही सूचना माझी. कारखानीसांना ती आवडली नाही, पण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. अनंताला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “खबर कोन देनार?” मला कळेना. तेव्हा त्याने त्याच्या वाडीची रीत सांगितली. दुसऱ्या गावात जाखडीच्या सामन्याला उभं राहायचं तर तिथला एक माणूस आधी येऊन समोरच्यांची खबर देतो. कोण कंजूष, कोण बढाईखोर, कुणाची बायको त्याला दरडावते. त्यावरून ओळी बांधायच्या. तो माणूस कोण, हे शाहीर मरेपर्यंत सांगत नाही. पण त्याला विसरतही नाही. शेवटच्या कडव्यात सगळ्यांची नावं घेऊन मान देतात, गुरूचं, गावाचं, ढोलकीवाल्याचं, यजमानाचं, आणि त्यात एक ठोका मोकळा सोडतात. तिथे कोणी काही बोलत नाही, फक्त चाळ वाजते. ती जागा खबर देणाऱ्याची.

“तुमीच द्या की साहेब खबर,” तो म्हणाला. “तुमी सगळ्यांना वळखता. पन गमतीची द्या. हसून घरी जातील अशी.”

मी जेवणाच्या टेबलावर बसून दोन पानं लिहिली. इतकं मन लावून मी कंपनीचा एकही अहवाल लिहिला नसेल. सात-आठ कुटुंबांच्या बारीकसारीक खोड्या, सगळ्या निरुपद्रवी. आणि शेवटी कारखानीस. ‘ओलायात उंच काचेच्या इमारतीत होते. वरून उतरवले गेले. सांगतात, समुद्राच्या हवेसाठी आलो.’ हे गुपित आहे असं मी लिहिलं नाही. हात थांबला होता का? थांबला होता. मी स्वतःशी म्हणालो, सगळ्यांची गंमत आहे, त्यांचीही असू दे. हे खोटं आहे हे लिहितानाच मला कळत होतं.

कार्यक्रमाच्या शुक्रवारी दुपारी कॅम्पची बस आली. इस्त्रीचे शर्ट घातलेले पाच जण उतरले. बसच्या मागे अनंताने दोन्ही कागद माझ्या हातात ठेवले. “पाठ झालंय. तुमच्या अक्षरातलं माज्याकडं कशाला?” मी ते फाडून कचऱ्यात टाकले.

पुढची पंचवीस मिनिटं मी माझ्या टू-इन-वनवर टेप केली आहेत. मंडळाचे सगळे कार्यक्रम मीच टेप करायचो. आधी जाखडीचं एक पद झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायका आत पदार्थ गरम करायला गेल्या. मग महादेवने डेस्मंडची कॅसेट लावली आणि अनंताने माइक हातात घेतला. पहिले काही क्षण तो काहीच बोलला नाही. ठोके पडतायत आणि हा नुसता उभा. कुणीतरी म्हणालं, विसरला वाटतं. आणि मग...

“साबुदाना आला बहरीनवरनं, भिजून झाला लगदा,
वैनी बोलते बेष्ट झालाय, खाऊन बगा येकदा... टिंग टिंग!”

बायका पळत बाहेर आल्या. मुलं, जी एरवी आईबापांना इंग्रजीत उत्तरं देत एका कोपऱ्यात बसलेली असत, ती पुढे येऊन जमिनीवर बसली. गाडीची ती घंटी त्यांच्या रोजच्या ओळखीची. प्रत्येक ‘टिंग टिंग’ला ती किंचाळत होती. अनंत त्यांच्यात शिरला, एकेकाचं नाव विचारून ते नाव तोंडात घोळवून, उलटं करून, तुकडे पाडून परत देऊ लागला. एक दहा वर्षांची मुलगी तर त्याच्या पायातल्या चाळीबरोबर पाय आपटत होती. ती कारखानीसांची मृण्मयी. माझा मुलगा, ज्याने वर्षभरात मराठीत एक पूर्ण वाक्य म्हटलं नव्हतं, तो ओरडत होता, “काका, माझ्या बाबांवर! माझ्या बाबांवर!” माझ्यावर एकही ओळ आली नाही. खबर देणाऱ्यावर करत नाहीत.

मग अध्यक्षांची पाळी आली. अनंत एकदम गंभीर झाला, वर बघत, हातांनी क्रेनला खुणा करू लागला.

“ओलायाच्या काचेवरती बसला मोठा साहेब,
खुर्ची फिरते गरागरा, दार उघडते आपोआप,
वरून आला सांगावा, अरे दोर सोड खाली...
आरिया... आरिया... आस्ते लालखान, साहेब हाय तो, आस्ते आरिया...
पाय टेकले खोबरला, म्हने हवा बदलायला आलो! टिंग टिंग!”

टेपवर हशा ऐकू येतो, मोठा. मग तो अर्ध्यातच तुटतो. काही जणांना कुणकुण असावी. मी कारखानीसांकडे पाहिलं. ते हसत होते, म्हणजे तोंड तसंच राहिलं होतं. त्यांच्या पत्नीने खाली बघून पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली होती. आणि मृण्मयी काही न कळता टाळ्या वाजवत म्हणत होती, “आरिया! आरिया!”

अनंताला काहीतरी बिनसल्याचं जाणवलं, त्याने लगेच शेवटचं कडवं घेतलं. नावं घेतली. तो ठोका मोकळा सोडला. लोकांना वाटलं, ही त्याची नेहमीचीच थांबून घुसायची लकब. त्या जागेत कोण आहे ते हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं.

जेवणं आटोपल्यावर कारखानीसांनी मला दाराजवळ गाठलं. चिडलेले नव्हते, चिडले असते तर मला जास्त सोपं गेलं असतं. अगदी हळू विचारलं, “त्याला हे कुणी सांगितलं असेल, नेने?” त्यांच्या मनात माझा संशय नव्हता. मला मदत मागत होते ते. मी म्हणालो, “कॅम्पमध्ये काय काय बोलतात कुणास ठाऊक. थांबा, मी त्याला माफी मागायला लावतो.” आणि अनंताला हाताने खुणावून बोलावलं. चार-पाच कुटुंबं उभी होती. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “यांना बोलावलं ही माझीच चूक झाली. कुठे काय बोलावं हे या लोकांना कळत नाही.”

अनंताने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग कारखानीसांसमोर हात जोडले, “चुकलो साहेब. आमचं तोंडच तसं हाय.” पायातली चाळ सोडायची राहिली होती, वाकताना ती वाजली.

घरी जाताना गाडीत ही म्हणाली, “परवा तुम्ही टेबलावर काय लिहीत बसला होतात?” मी म्हटलं, “काही नाही.” ती म्हणाली, “बरं.” त्यानंतर हा विषय तिने कधी काढला नाही, आणि मीही.

इथवरचं कदाचित भित्रेपणा म्हणून खपून जाईल. पुढचं जाणार नाही. महिनाभराने देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिझानला, बंदराजवळच्या कामासाठी चार रिगर हवेत असा कागद माझ्या टेबलावर आला. नावं मी सुचवायची होती. कारखानीसांनी काही सांगितलेलं नव्हतं, कुणीच सांगितलेलं नव्हतं. मला साइटवर जाताना तो समोर येतो हे नको होतं, एवढंच. मी चार नावं लिहिली, त्यांत एक अनंताचं. महादेवचं लिहिलं नाही, कारण तो चांगला फिटर होता आणि इथे लागणार होता. असं मी स्वतःला सांगितलं. मंडळाच्या बैठकीत मी सांगितलं की टेप नीट भरली गेली नाही, पुसून टाकली. पुढच्या संमेलनापासून कॅम्पमधल्या कुणालाही बोलवायचं नाही असा ठराव झाला. तोही माझ्याच अक्षरात आहे.

निघण्यापूर्वी अनंत कागदावर सही घ्यायला माझ्या केबिनमध्ये आला. “जिझानला कोन आपली मानसं हायत का साहेब?” मी म्हटलं, असतील, भेटतील. त्याने कागद घेतला, दारापर्यंत गेला आणि परत आला. “एक बोलू का? खबर खरी का खोटी ते आमी विचारत नाय. पन ते गुपित होतं. तेवढं तुमी सांगायला पायजे होतं. आमी टिंगल करतो साहेब... कुनाची अब्रू नाय काढत.” मी शिक्का कुठे ठेवला ते शोधत राहिलो. शिक्का समोरच होता.

आमची ती शेवटची भेट. बाकीचं महादेवकडून त्या फोनवर कळलं. जिझानच्या दमट उकाड्यात तो सात वर्षं होता. क्रेनला खुणा करताना तोंडात शिट्टी धरायचा. आरिया नाही, हबेस नाही, नुसती शिट्टी. नंतर गावी आला. जाखडीला बोलावलं तर कडेला बसून बघायचा. “मी इचारायचो, काय रं अंता, आवाज बसला का?” महादेव सांगत होता, “तर बोलायचा, आवाज हाय, पन माजं तोंड वाईट हाय.” मी दाराजवळ त्याला म्हणायला लावलेलं वाक्य त्याने आयुष्यभर सांभाळलं होतं.

चारेक वर्षांपूर्वी मृण्मयीचा फोन आला होता. तिचं नाव तेव्हा होऊ लागलं होतं. “नेनेकाका, खोबरला तो एक माणूस आला होता ना, टिंग टिंग करणारा? मी जे करते ते सगळं तिथून आलंय हो. नुसता आवाज नाही, ती थांबायची पद्धत. त्याचं नाव काय होतं? मला त्याला शोधायचंय.” अनंत तेव्हा जिवंत होता. गुहागर माझ्यापासून एका दिवसाच्या अंतरावर. एक नाव सांगायचं होतं. पण नाव सांगितलं की ती त्याला भेटणार, भेटली की तो दिवस निघणार, आणि तो दिवस निघाला की... मी म्हणालो, “आठवत नाही गं. कॅम्पमधला कोणीतरी होता.” तिने विचारलं, “टेप वगैरे?” मी म्हणालो, “नाही.” टेप तेव्हा माझ्या मागच्या कपाटात होती.

महादेवच्या फोननंतर दहा दिवसांनी मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिचे वडील जाऊन तीन वर्षं झाली आहेत. शेवटी ती म्हणाली, “बाबांना कायम वाटायचं की सगळ्यांनी त्यांना हसून घेतलं. पण तुमच्याबद्दल म्हणायचे, नेने तेवढे आपले होते.” मी म्हणालो, हे सगळं मी लिहून छापायला देणार आहे, तुझी हरकत असेल तर तुमचं नाव वगळतो. ती म्हणाली, “वगळू नका. आणि त्याचं नाव पूर्ण घाला, वडिलांच्या नावासकट. आणि मला ती टेप पाठवा. लगेच.” फोन ठेवताना ती नेहमी ‘येते काका’ म्हणते. या वेळी म्हणाली नाही.

टेपची एक प्रत तिला गेली, एक महादेवच्या हाती अनंताच्या घरी गेली. मूळ कॅसेट माझ्याकडे आहे. तिच्यावर मी तेव्हा मुद्दाम भलतंच लिहिलं होतं, ‘प्लॅनिंग मीटिंग’, म्हणजे कुणी हात लावणार नाही. आता ते खोडून नीट नाव लिहिलं आहे. शुक्रवारी सकाळी, ज्या वेळी मी कॅम्पवर जायचो, त्या वेळी मी ती लावतो. ही पलीकडच्या खोलीत असते, दार उघडं ठेवते. साबुदाणा येतो, घंटी येते, मुलांच्या किंचाळ्या येतात. आरिया येतं, तिथे मी बंद करत नाही. मग शेवटचं कडवं. गुरूचं नाव, वाडीचं नाव, महादेवचं, डेस्मंडसाहेबाचंही, यजमान मंडळाचं. मग तो मोकळा ठोका, चाळ एकदाच वाजते, आणि त्या जागेत मी मोठ्याने म्हणतो, “प्रभाकर नेने.” लगेच टेपवर अनंत हसतो.

हे हसणं मला माफ करणारं आहे असं मी म्हणणार नाही. ते जेवणाआधीचं हसणं आहे. कारखानीस दाराजवळ यायला अजून तासभर होता, आणि अनंताला वाटत होतं की खबर देणारा आपला माणूस आहे.